शिकाऱ्याच्या पैशात वावर राखलं जात नाही

रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, यांच्यापायी वऱ्हाडचा शेतकरी जेरीला आला आहे, हे आता कोणाला पटवून द्यावं लागत नाही. दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, बार्शीटाकळी, तालुका कुठलाही घ्या, हरभरा घाट्यावर आला की घरटी एक माणूस रात्री वावरात असतो. बुजगावणी झाली, फटाके झाले, धुऱ्याभोवती जुन्या साड्या बांधून झाल्या, झटका मशीनही लावून झालं. ज्वारी आणि भुईमूग पेरणं तर कित्येकांनी सोडूनच दिलं. अशा वेळी एक तोडगा समंजस माणसांच्याही तोंडी येऊ लागला आहे. परदेशात चालतं तसं इथेही चालू द्या, असं ते म्हणतात. ज्याला शिकारीची हौस आहे त्याने शेतकऱ्याला पैसे मोजावेत, वावरात यावं आणि डुक्कर मारावं. शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येतील, उपद्रव कमी होईल आणि सरकारी तिजोरीलाही तोशीस लागणार नाही.

हे इतकं सरळ वाटतं, की त्याला विरोध करणारा शेतकऱ्याचा वैरीच ठरावा. तरीही मी विरोध करतो आहे, आणि तो शेतकऱ्याच्याच बाजूने करतो आहे.

आधी कायदा नीट समजून घेऊ, कारण गावोगावी त्याविषयी फार गैरसमज आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी घातली, पण त्याच कायद्याच्या ११ व्या कलमात उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी देण्याची तरतूद आहे. रोही आणि रानडुक्कर यांच्यासाठी आपल्या राज्यात अशी परवानगी मागता येते. काळविटाला ती लागू नाही, कारण तो पहिल्या अनुसूचीत आहे. ही परवानगी पीक वाचवण्यासाठी असते, त्यात कोणाच्या हौसेला जागा नाही. आणि असं परवानगीने मारलेलं जनावरसुद्धा ३९ व्या कलमाप्रमाणे राज्य सरकारची मालमत्ता ठरतं. म्हणजे मेल्यावर डुक्कर सरकारचं, आणि जिवंतपणी त्याने खाल्लेला हरभरा मात्र एकट्या शेतकऱ्याचा. वऱ्हाडातल्या सगळ्या संतापाचं मूळ या अन्यायात आहे. हौशी शिकाऱ्याने दिलेल्या पैशाने तो अन्याय दूर होत नाही, उलट कायमचा होतो. कारण एकदा शिकारी पैसे देऊ लागला की सरकार म्हणणार, आता तुमचा आणि त्यांचा व्यवहार, आमचा काय संबंध?

परदेशाचा दाखला दिला जातो, तर तो पूर्ण पाहावा. अमेरिकेत टेक्सासमध्ये रानडुकरांच्या शिकारीसाठी जमीनमालकाला पैसे देणं हा मोठा धंदा आहे, आणि तरीही डुकरांनी सर्वांत जास्त गांजलेल्या राज्यांत टेक्सासचं नाव पुढे असतं. टेनेसी राज्यात १९९९ साली रानडुकरांची शिकार राज्यभर खुली केली. हेतू हाच होता, डुकरं कमी व्हावीत. झालं उलटं. जिथे पूर्वी डुक्कर दिसत नव्हतं तिथेही ती दिसू लागली, कारण शिकारीला सावज मिळावं म्हणून लोकांनीच ती नेऊन सोडली. अखेर २०११ मध्ये राज्याने शिकारीच्या प्राण्यांच्या यादीतून डुक्कर काढून टाकलं आणि बंदोबस्ताचं धोरणच बदललं. कॅन्ससने तर २००६ मध्येच डुकरांच्या हौशी शिकारीवर बंदी घालून ते काम सरकारी पथकांकडे सोपवलं. ज्या जनावरामागे पैसा येतो, ते संपावं असं हळूहळू कोणालाच वाटेनासं होतं. शिकाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा यायचं असतं, मालकाला पुढच्या वर्षीचे पैसे हवे असतात, आणि शेजारच्या वावरातला माणूस आपला जागत बसतो.

यात निसर्गाचा हिशेबही आहे. हौशी बंदूकवाल्याला हवा असतो मोठा सुळेवाला नर, नाहीतर निळ्या अंगाचा धिप्पाड रोही. कळप वाढतो तो माद्यांमुळे. डुकरीण एका वेतात चार-सहा पिल्लं देते, रोहीण अनेकदा जुळं देते. दोन-चार नर पडल्याने ही वाढ थांबत नाही. गोळीबाराने कळप फुटतो, आणि जे एका शिवारात होतं ते तीन शिवारांत पसरतं. संख्या खरोखर कमी करायची तर माद्या आणि पिल्लं मारावी लागतात, तीही सतत, मोजून, वर्षानुवर्षं. हे रटाळ आणि क्लेशाचं काम आहे. त्यासाठी कोणी हौसेने पैसे देणार नाही.

आता आपल्याकडची जमीन पाहा. टेक्सासमध्ये एकेका मालकाची हजारो एकरांची रानं आहेत. आपल्याकडे दोन एकर, पाच एकर, धुऱ्याला धुरा लागलेला. डुक्कर दिवसभर नाल्यातल्या विलायती बाभळीच्या झुडपात पडून राहतं आणि रात्री दहा जणांच्या वावरांतून फिरतं. मग शिकारीचे पैसे कोणाला? ज्याच्या धुऱ्याला झुडूप आणि वाहन येईल असा रस्ता आहे, त्याला. आणि हरभरा गेला तो दुसऱ्याचाच. शिवाय कित्येक वावरं मक्त्याने किंवा बटईने केलेली असतात. मालक अमरावतीला किंवा अकोल्याला राहतो. शिकाऱ्याशी बोलणी तो करणार, पैसे तो घेणार. ज्याने कर्ज काढून बियाणं टाकलं, जो थंडीत शेकोटीजवळ रात्र काढतो, त्या मक्तेदाराला यात काय मिळालं? आणि जागलीला बसलेला मजूर तर याहून वाईट जागी आहे. अंधारात, झोत टाकून, अनोळखी शिवारात झाडलेली गोळी कोणत्या मचाणाकडे जाईल, याची हमी कोण देणार?

गेल्या रब्बीत दर्यापूरच्या बाजूला खारपाणपट्ट्यातल्या एका वावरात गेलो होतो. या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं, विहिरीचा उपयोग नाही. पावसाळ्याची ओल काळ्या मातीत मुरलेली असते, तेवढ्याच ओलीवर हरभरा पेरायचा. पेरून पाच-सहा दिवस झाले होते. तिफणीच्या तासाला धरून डुकरं नाक घालत गेली होती, शिवणीचा दोरा उसवावा तशी. तासाच्या बाजूची माती जागेवर, फक्त दाणा गेलेला. काही ठिकाणी मोड आलेला एखादा हरभरा उलटा पडून सुकला होता. बागायती शेतकरी अशा वेळी दुबार पेरतो. इथे तोवर वरची ओल उडालेली असते, पुन्हा पेरून उगवत नाही. म्हणजे त्या एका रात्रीत त्या माणसाची सबंध रब्बी गेली होती. तो म्हणाला, “डुकराले म्या काही आवतन देल्लं नव्हतं भाऊ. पन यंदाचा पेरा त्याच्यासाठीच केला असं समजा.” मी त्याला विचारलं, पैसे देऊन कोणी शिकारीला आलं तर येऊ द्याल का? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पैशे तो देईन एका रातीचे. डुकरं रोज येतात. अन् तिकडं धुऱ्यावर माह्या भावाचा पोरगा जागलीले असते.”

मला जे इतक्या शब्दांत सांगावं लागतं आहे, ते त्याने एवढ्यात सांगितलं.

आणि हा सौदा गरजेचा आहे, खुशीचा नाही. ज्याच्या डोक्यावर बँकेचं आणि सावकाराचं कर्ज आहे, त्याला रात्रीचे चार-पाच हजार देऊ केले तर तो नाही म्हणेल कसा? आजही कायदा मोडून रात्री गाड्या फिरतात, बंदुका निघतात. अशा टोळीला वावरात येऊ देणाऱ्या शेतकऱ्याला सगळा धोका स्वतःच्या अंगावर घ्यावा लागतो. रात्रीच्या झोतात चमकणारे डोळे रोह्याच्या वासराचे की काळविटाच्या मादीचे, हे हौशी माणसाला कळत नाही. काळवीट पडलं तर कायद्यात किमान तीन वर्षांची कैद आहे. गाडी निघून जाते. रक्त मात्र वावरात असतं, सातबारा शेतकऱ्याच्या नावाचा असतो, आणि पहिली चौकशी त्याच्याच दारात येते. पैसे देणारा माणूस इथे आपली जोखीमही दुसऱ्याच्या गळ्यात घालतो आणि गरजवंत ती अंगावर घेतो.

मारण्याला माझा सरसकट विरोध नाही, हेही स्पष्ट सांगतो. पीक वाचवण्यासाठी जनावर मारावं लागलं तर त्यात पाप नाही. पण मारणं ही करमणूक झाली, तिचा दर ठरला आणि पाहुण्यांसाठी तिचा सोहळा झाला, की गावाचं मन बिघडतं. आपल्या वऱ्हाडाला हा फरक कोणी शिकवायला नको. गाडगेबाबांचं बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या शेतात राबण्यात गेलं. ढोरं राखलेला, नांगर धरलेला हा माणूस पुढे आयुष्यभर देवापुढे कापल्या जाणाऱ्या बकऱ्या-कोंबड्यांविरुद्ध बोलत राहिला. स्वतःच्या मुलीच्या बारशाला मटण-दारूची रीत मोडून त्यांनी गोड जेवण वाढलं आणि भाऊबंदांचा राग ओढवून घेतला. जीव घेण्याला उत्सवाची प्रतिष्ठा मिळते तिथे माणूस दगड होतो, हे त्यांनी ओळखलं होतं. आज देवाच्या जागी बंदूकवाला पाहुणा येऊ पाहतो आहे. वावरात शिकाऱ्यांची वर्दळ सुरू झाली, त्यांच्यासाठी हाकारे घालायला पोरं जाऊ लागली, फोटोसाठी मेलेलं जनावर उचलून धरू लागली, तर त्या पोरांच्या हाती पैसा येईल, पण त्यासोबत आणखी काय येईल याचा विचार त्यांच्या आईबापांनी करावा.

दुसरी बाजूही तेवढ्याच गांभीर्याने घेतली पाहिजे. माधव गाडगीळ यांच्यासारख्या निसर्गाच्या मोठ्या अभ्यासकाने सातत्याने मांडलं आहे, की अभयारण्यांबाहेर शिकारीवर सरसकट बंदी घालणारा कायदा शहाणपणाचा नाही, लोकांना प्राण्यांची संख्या आटोक्यात ठेवू द्यावी, मांसही वापरू द्यावं. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडोबाभोवतीच्या गावांत प्रत्यक्ष शेतं मोजून दाखवलं, की जंगलाला लागून असलेल्या वावरांचं नुकसान डोळ्यांनी दिसतं त्याहून कितीतरी मोठं असतं. या दोघांचंही म्हणणं मला बहुतांशी पटतं. माणसाचा धाक गेल्यामुळे जनावरं निर्ढावली, हेही खरं आहे. पण गाडगीळ बोलत होते ते गावाच्या अधिकाराविषयी. शहरातल्या हौशीने त्या अधिकाराची किंमत मोजून तो आपल्या खिशात घालावा, असा त्याचा अर्थ काढणं म्हणजे त्यांच्या विचाराला उलटं टांगणं आहे. शेताचं रक्षण हा गावाचा हक्क असेल, तर तो विकायचा कशाला?

बाहेरची बंदूक आणून प्रश्न सुटत नाही, याचा अनुभव देशाने घेतला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर यांना ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर केलं. जून २०१६ मध्ये मोकामाच्या शिवारात हैदराबादहून नेमबाज आणून काही दिवसांत दोनशेहून अधिक रोही मारले. त्यावरून दिल्लीत मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर या दोन केंद्रीय मंत्र्यांची जाहीर खडाजंगी झाली. मोकामाचं नाव तेवढ्यापुरतं देशभर झालं. रोह्यांचा त्रास मात्र संपला नाही, बिहारला पुढच्या वर्षांतही पुन्हा पुन्हा अशा मोहिमा काढाव्या लागल्या. केरळने २०२२ मध्ये निराळी वाट धरली. शेतात घुसणाऱ्या रानडुकराला मारण्याचा आदेश देण्याचा अधिकार तिथे पंचायतीच्या अध्यक्षाकडे दिला. ती व्यवस्था निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, पण निदान निर्णय कोणाचा आणि जाब कोणाला विचारायचा, हे तिथे ठरलेलं आहे.

वऱ्हाडात या विषयावर बोलताना एका समाजाला वगळता येत नाही. जुनी माणसं सांगतात, की पिकात जनावर फार झालं की शेतकरी स्वतःच फासेपारध्याला बोलावत. तो धुऱ्यावर फासे लावी, मिळेल ते नेई, वर पायलीभर ज्वारी मिळे. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्या समाजावर शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायद्यातून पुसला, लोकांच्या मनातून पुसला नाही. १९७२ नंतर त्यांचं पोटच गुन्हा ठरलं. आजही तितराच्या फाशासाठी पारध्याचा बेडा झडतीखाली येतो आणि महागड्या गाडीतला बंदूकवाला ओळखीपाळखीने सुटू पाहतो. आता त्याच गाडीवाल्याला पैशाच्या जोरावर कायदेशीर करायचं आणि पारध्याला तुरुंगातच ठेवायचं, हा कुठला न्याय? ज्याला पायाखालच्या मातीतून डुकराचं वय आणि दिशा कळते असा माणूस आपल्याच जिल्ह्यात बसला आहे, आणि आपण पाहुण्यांची वाट पाहतो आहोत.

मात्र पारध्याच्या पोराच्या हाती पुन्हा फासा देऊन त्याला जातीच्या धंद्यात ढकलणंही मला मान्य नाही. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी प्रश्नचिन्ह नावाची शाळा उभी केली, ती मुलांना भीक आणि फासे या दोन्हींतून बाहेर काढायला. समृद्धी महामार्गाच्या कामात त्या शाळेचाही काही भाग गेला. कारंजा लाडच्या संवेदना संस्थेने अकोला-वाशीमच्या फासेपारध्यांना सोबत घेऊन गवताळ माळ आणि तणमोरासारखे पक्षी राखायचं काम केलं. या दोन्ही कामांतून एकच रस्ता दिसतो. पारध्याचं रानाचं ज्ञान हे कौशल्य म्हणून मान्य करा आणि त्याला पगार द्या. ज्याला नको त्याला शाळा, नोकरी, दुसरा धंदा, सगळं मोकळं असलं पाहिजे. पीकराखणीचं गावपथक असावं, त्यात भरती कौशल्यावर व्हावी, सर्व जातींना ते खुलं असावं, आणि पारधी उमेदवाराला पोलीस ठाण्यातल्या जुन्या नोंदी दाखवून कोणी बाहेर काढू नये.

गावपथकाचं पहिलं काम मारणं नसेल. नाल्यांतली झुडपं कुठे दाट झाली, कळप कुठून उतरतो, माद्या किती, पिल्लं किती, याची नोंद ठेवणं आणि सगळ्या शिवाराची मिळून राखण करणं, हे ते काम. आज प्रत्येक जण आपापल्या वावराला झटका मशीन लावतो आणि डुक्कर शेजाऱ्याकडे वळतं. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे. ते वैयक्तिक वावरापेक्षा शिवाराच्या सलग सीमेला मिळालं, तर गरिबाचं वावर उघडं पडणार नाही. थेट विजेचा प्रवाह सोडलेल्या तारा मात्र आजच्या आज काढल्या पाहिजेत. त्या तारांनी डुकरांसोबत माणसंही नेली आहेत, कित्येकदा तार लावणाऱ्याच्याच घरातली. आणि एवढं करूनही जिथे मारणं भाग आहे तिथे ते सरकारी खर्चाने, प्रशिक्षित माणसाकडून, ग्रामसभेला आधी सांगून, उजेडात आणि नोंद ठेवून व्हावं. मांसाचं काय करायचं हेही चोरून ठरू नये. कायदा बदलायचा असेल तर तशी मागणी उघडपणे करू.

पैशाविषयी तर कसलाही संकोच नको. शेतकऱ्याला पैसे मिळालेच पाहिजेत, पण ते नुकसानीचे, हक्काचे, आणि शिकारी येवो न येवो, मिळाले पाहिजेत. २०१५ च्या शासन निर्णयात पीकनुकसानीची कमाल भरपाई २५ हजार रुपये होती, पुढे ती वाढवली. आकडा वाढला तरी अर्ज, तीन खात्यांच्या माणसांचा पंचनामा आणि महिनोन्महिने वाट पाहणं, यात कित्येक जण अर्जच करत नाहीत. मक्त्याने वावर करणाऱ्याकडे सातबारा नसतो, त्याची तर वाटच बंद. ओलीवरचा हरभरा पेरल्याच्या आठवड्यात गेला, तर पंचनाम्याला दाखवायला पीकच नसतं. रान आणि रानातली जनावरं राहिली पाहिजेत असं आपल्यापैकी ज्यांना मनापासून वाटतं, आणि मला वाटतं, त्यांनी आपल्या करातून ही किंमत मोजायची तयारी दाखवली पाहिजे. मेळघाटात वाघ पाहून परतताना ज्या गावांतून गाडी जाते, त्या गावांचं हे देणं आपल्यावर आहे.

केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं, की २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेलं पीकनुकसान प्रधानमंत्री पीक विमा योजनेत येईल. कोणते प्राणी आणि कोणते भाग त्यात घ्यायचे, हे राज्यांनी ठरवायचं आहे, आणि शेतकऱ्याने ७२ तासांत जागेच्या नोंदीसह फोटो पाठवायचा आहे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या ग्रामसभांनी इथे लक्ष घालावं. यादीत रोही, रानडुक्कर आणि काळवीट या तिघांचीही नावं असावीत. खारपाणपट्ट्यातले तालुके सुटू नयेत. पेरणीनंतर खाल्लेलं बियाणं नुकसान म्हणून धरलं जावं. मक्तेदाराचा अर्ज मालकाच्या सहीवाचून घेतला जावा, आणि ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याच्या वावराचा फोटो गावातल्या कृषी सहायकाने स्वतः येऊन काढावा. हे ठराव तहसीलदार, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी आणि उपवनसंरक्षक यांच्याकडे पोच घेऊन द्यावेत. सोबत आणखी एक ठराव करावा, की आमच्या शिवारात हौसेच्या शिकारीसाठी कोणीही, मालक असो की मक्तेदार, पैसे घेऊन वाट देणार नाही. पहिल्या ठरावांवर सही करताना कोणाचा हात अडणार नाही. शेवटच्यावर काहींचा अडेल, आणि त्यांच्याशी बसून बोलायला गावातल्या चार वडीलधाऱ्यांनी त्याच दिवशी वेळ काढावा.